ग्रान सास्सोच्या पोटात

पहिला दिवस : रोम

खोलीवर सामान टाकलं आणि थेट पानिस्पेर्ना रस्त्याला निघाले. रोममध्ये पहिल्या दिवशी लोक कलोसियमला जातात. पण ग्रान सास्सो डोंगराखालच्या प्रयोगशाळेपर्यंतची माझी यात्रा इथूनच सुरू व्हायची होती. व्हिमिनाल टेकडीवरचा हा चढउताराचा अरुंद रस्ता. दोन्ही बाजूंना पिवळट-तांबूस भिंती, वरून २०२३ च्या जूनचं कडक ऊन. इथल्याच भौतिकशास्त्र संस्थेत १९३४ च्या ऑक्टोबरात एन्रिको फर्मी आणि त्याच्या तरण्या सहकाऱ्यांनी मंद न्यूट्रॉनची करामत (संथ न्यूट्रॉन अणूत अधिक सहज शिरतात) शोधून काढली. अंगणातल्या कारंज्याच्या हौदात उपकरण बुडवून त्यांनी खात्री करून घेतली, ही गोष्ट मी वर्गात किती वेळा सांगितली असेल. ती जागा आता संग्रहालय आहे. इमारतीसमोर उभी राहिले तेव्हा शब्द फुटेना.

त्या कंपूत एत्तोरे माजोराना होता. सिसिलीचा, मितभाषी, आणि गणितात असा की फर्मीसारखा माणूस त्याला वचकून असे. १९३७ मध्ये त्यानं एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्या कणावर विद्युतभार नाही तो स्वतःच स्वतःचा प्रतिकण, म्हणजे उलट्या गुणांचा जोडीदार, असू शकतो. म्हणजे न्यूट्रिनो हा भार नसलेला, अतिहलका कण आणि त्याचा प्रतिन्यूट्रिनो ही दोन नावं कदाचित एकाच कणाची असतील. दुसऱ्याच वर्षी मार्चमध्ये हा एकतीस वर्षांचा माणूस पालेर्मोहून नेपल्सच्या बोटीत बसला म्हणतात, आणि त्यानंतर त्याचा पत्ता कुणालाच लागला नाही. त्यानं मांडलेला प्रश्न मात्र ऐंशीहून जास्त वर्षं तसाच उभा आहे. तो सोडवायला जी माणसं डोंगराखाली बसली आहेत त्यांच्याकडेच मी निघाले होते.

साताऱ्याच्या कॉलेजात सत्तावीस वर्षं मी बीटा क्षय, म्हणजे न्यूट्रॉनचा प्रोटॉन होऊन अणूतून इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडणं, शिकवते आहे. माझी भाची जर्मनीत पीएचडी करते आणि तिचा प्रयोग इटलीतल्या ग्रान सास्सो डोंगराखाली आहे. 'लेजंड-२००' त्याचं नाव. या वर्षी मार्चपासून त्यांची खरी मोजणी सुरू झाली आणि तिचा फोन आला, "मावशी, तू नुसतं शिकवतेस. एकदा ये आणि डोळ्यांनी बघ."

पुढचं नीट कळायला एवढं आधी सांगून ठेवते. जर्मेनियम-७६ या अणूला साधा बीटा क्षय जमत नाही, कारण तेवढी ऊर्जा त्याच्या पदरी नाही. पण दोन न्यूट्रॉनांनी एकदमच प्रोटॉन व्हायचं ठरवलं तर तो सेलेनियम-७६ होऊ शकतो. त्यात दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. मारिया गोपर्ट-मेयर यांनी १९३५ मध्येच याचा हिशेब मांडला होता. हा क्षय खरंच होतो, मोजलाही गेला आहे. अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, म्हणाल तर दोनावर एकवीस शून्यं इतकी वर्षं. आता माजोरानाचं खरं असेल तर एखाद्या वेळी ते दोन न्यूट्रिनो आतल्या आत एकमेकांत जिरून जातील, बाहेर पडतील फक्त दोन इलेक्ट्रॉन, आणि क्षयाची सगळीच्या सगळी ऊर्जा त्या दोघांच्या वाट्याला येईल. २०३९ केव्ही (किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं माप). नेमकी तेवढी, ना कमी ना जास्त. असं एकदा जरी पक्कं दिसलं, तरी कोऱ्या पाटीवर दोन द्रव्यकण उमटले आणि त्यांच्या जोडीला प्रतिद्रव्य आलं नाही, असं होईल. विश्वात सगळं द्रव्यच का उरलं, या कोड्याचा तो पहिला धागा ठरेल. या शोधापेक्षा मोठा शोध आज भौतिकशास्त्रात दुसरा नाही, असं माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

दुसरा दिवस : लाक्विला

तिबुर्तिना स्थानकाबाहेरून बस मिळाली. रोम मागे पडल्यावर अर्ध्या तासात डोंगर सुरू झाले आणि मग बोगदे, पूल, बोगदे, पूल. कोकण रेल्वेची आठवण येत राहिली. दीड-पावणेदोन तासांत लाक्विला, ग्रान सास्सोजवळचं गाव, आलं.

गावावर अजून क्रेन उभ्या आहेत. ६ एप्रिल २००९ च्या पहाटे इथे भूकंप झाला आणि ३०९ माणसं गेली. चौदा वर्षं झाली तरी काही गल्ल्यांत भिंतींना लाकडी आणि लोखंडी टेकू तसेच आहेत, आणि शेजारच्याच इमारतीला ताजा गुलाबी रंग. किल्लारी मी भूकंपानंतर महिन्याभरानं पाहिली होती, मदतीला गेले होते तेव्हा. त्या टेकू दिलेल्या दारांसमोरून चालताना मला भाचीशी बोलवेना. तीही गप्प चालत होती. नव्व्याण्णव तोंडांच्या कारंज्यापाशी बसून पाणी प्यायलो, मग खोलीवर गेलो.

तिनं मागवलेला गोडा मसाला आणि जवसाची चटणी बॅगेतून काढून दिली. तिच्याकडे इथल्या सांतो स्तेफानो गावचा मसूर होता, मोहरीहून जेमतेम मोठा दाणा, तपकिरी. हजार मीटरच्या वर पिकतो म्हणे. न भिजवता वीस-पंचवीस मिनिटांत शिजला. गोडा मसाला, चिंचेऐवजी लिंबू, गूळ नव्हता म्हणून थोडा मध. आमटी फक्कड झाली. उरलेली तिनं डब्यात भरून ठेवली.

तिसरा दिवस : डोंगराखाली

सकाळी असेर्जीला गेलो. प्रयोगशाळेची जमिनीवरची कार्यालयं इथे आहेत. ओळखपत्र दाखवलं, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि गाडीत बसलो. गाडी महामार्गाला लागली आणि सरळ बोगद्यात शिरली.

ही गोष्ट मला फार आवडली. रोम ते तेरामो या हमरस्त्याचा दहा किलोमीटर लांबीचा बोगदा खोदला जात असताना अंतोनिनो झिकिकी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये सुचवलं, की खोदताच आहात तर बाजूला प्रयोगशाळेसाठी जागाही काढून घ्या. ऐंशीच्या दशकात ती झाली. त्यामुळे इथे खाणीच्या पिंजऱ्यातून खाली उतरावं लागत नाही. मालाचे ट्रक, समुद्रावर निघालेली कुटुंबं यांच्याबरोबर आपणही बोगद्यात शिरायचं आणि मध्येच बाजूच्या मोठ्या पोलादी दारातून आत वळायचं. आपला रत्नागिरीजवळचा कर्बुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. त्याच्या पोटात असं एक दार असतं तर, असा विचार मनात येऊन गेला.

दार मागे बंद झालं आणि रहदारीचा आवाज तुटला. बाहेर सव्वीस अंश होतं, आत सात-आठ. भिंती ओल्या, हवेत भिजलेल्या चुन्याचा वास, कुठेतरी पाणी ठिबकत होतं आणि पंख्यांची एकसुरी घरघर. तीन प्रचंड सभागृहं आहेत, ए, बी आणि सी. प्रत्येक शंभर मीटर लांब, वीस मीटर रुंद, अठरा मीटर उंच. वर १४०० मीटर खडक. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १६४६ मीटर, म्हणजे जवळजवळ अख्खी कळसूबाई डोक्यावर घेऊन उभं राहायचं.

एवढा खडक कशाला? आकाशातून वैश्विक किरणांचा पाऊस अखंड पडत असतो. साताऱ्याच्या अंगणात तळहात पसरला तर दर सेकंदाला एखाद-दुसरा म्युऑन, या किरणांतून उपजणारा कण, त्यातून आरपार जातो. इथे, डोंगराखाली, अंथरलेल्या खाटेएवढ्या जागेतून तासाभरात एक-दोन जातात. दहा लाख पटींचा फरक.

पण खडकानं फक्त वरचा गोंगाट थांबतो. खालचा, आपला स्वतःचा, तसाच राहतो. खडकात युरेनियम-थोरियम आहे, हवेत रेडॉन हा किरणोत्सारी वायू आहे, किरणोत्सार सिमेंटात आहे, वायरीच्या डाखात आहे. माझ्या शरीरातल्या पोटॅशियममुळे माझ्या आत दर सेकंदाला चार हजारांवर क्षय होत असतात. आणि समोरच्या यंत्राला शोधायचं काय, तर वर्षाकाठी मोजून तीन-चार, किंवा एकही नाही. दोन्ही संख्या शेजारी ठेवल्या आणि मी नकळत एक पाऊल मागे सरकले. भाचीनं हात धरून पुढे आणलं. "अगं, मध्ये एवढं पाणी आहे. तुझं काही पोचत नाही तिथवर."

सभागृह 'ए' मध्ये ती टाकी उभी आहे. दहा मीटर व्यासाची, आधीच्या 'गेर्डा' प्रयोगासाठी बांधलेली. आत ५९० घनमीटर अतिशुद्ध पाणी. पाण्याच्या आत ६४ घनमीटर द्रवरूप आर्गॉन, उणे १८६ अंशांच्या आसपास. आणि त्या आर्गॉनमध्ये, विहिरीत पोहरे सोडावेत तशा, जर्मेनियमच्या स्फटिकांच्या माळा टांगलेल्या. हा प्रत्येक स्फटिक म्हणजे क्षय टिपणारा डिटेक्टर. मी गेले तेव्हा १०१ डिटेक्टर, वजन १४२ किलो. बाहेरून काय दिसतं? एक मोठी पोलादी टाकी, नळ, शिड्या, वरच्या मजल्यावर स्वच्छ खोलीच्या बंद खिडक्या. देवळात गाभाऱ्याचं दार बंद असावं तसं. मी तिथे कितीतरी वेळ उभी राहिले.

या रचनेतला एकेक थर म्हणजे कुणीतरी कुठेतरी वर्षानुवर्षं केलेलं काम आहे. पाण्यातून एखादा म्युऑन गेलाच तर मंद निळा प्रकाश पडतो, तो भिंतीवरच्या प्रकाशनळ्या टिपतात आणि त्या क्षणाची नोंद बाद होते. आर्गॉन थंड तर ठेवतोच, पण बाहेरून एखादा गॅमा किरण आला तर स्वतः चमकून चहाडी करतो. ती चमक डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील रंगातली, म्हणून तिला दृश्य प्रकाशात बदलणारे धागे माळांभोवती पडद्यासारखे सोडले आहेत. डिटेक्टर ज्या चकत्यांवर बसतात त्या प्लास्टिकच्या चकत्याही अशाच चमकणाऱ्या. आणि तांबं? बाजारातलं तांबं चालत नाही. अमेरिकेत जमिनीखालीच, विद्युत्-विलेपनानं, ते कणाकणानं वाढवतात. सेंटीमीटरभर जाडी यायला जवळपास वर्ष लागतं. वरच्या हवेत ठेवलं तर वैश्विक किरणांच्या माऱ्यानं त्यात कोबाल्ट-६० तयार होतो, म्हणून ते खालीच जन्मतं.

जर्मेनियमचीही तीच गत. निसर्गातल्या जर्मेनियमात ७६ वस्तुमानाचे अणू आठ टक्केसुद्धा नसतात. सेंट्रिफ्यूजमधून फिरवून फिरवून ते प्रमाण ८६ टक्क्यांच्या वर नेतात. 'गेर्डा'चा माल रशियात समृद्ध झाला, स्फटिक अमेरिकेत वाढले, डिटेक्टर बेल्जियममध्ये घडले. या सगळ्या प्रवासात एकदाही विमान नाही. आकाशात जितकं वर जावं तितका किरणांचा मारा जास्त, म्हणून जहाजानं, जाड आवरणाच्या कंटेनरमधून. बेल्जियममध्येही कारखान्यात दिवसाचं काम संपलं की स्फटिक जवळच्या भूमिगत प्रयोगशाळेत नेऊन ठेवायचे. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला वारा लागू नये म्हणून जपतात, तसं जपलं आहे त्यांना.

त्याच सभागृहात 'क्युओरे' हा दुसरा प्रयोग आहे. तिथे टेल्युरियम-१३० चा असाच क्षय शोधतात. टेल्युरियम ऑक्साइडचे ९८८ घनाकृती स्फटिक, प्रत्येकी पाच सेंटीमीटर बाजूचे, निरपेक्ष शून्यापासून एका अंशाच्या शंभराव्या भागावर थंड केलेले. क्षय झाला तर स्फटिक किंचित तापेल, आणि ते किंचित म्हणजे अंशाच्या दहा हजाराव्या भागाएवढं. ते ओळखायला प्रत्येक स्फटिकावर तांदळाच्या दाण्याएवढा जर्मेनियमचा तुकडा चिकटवलेला आहे. 'लेजंड'च्या डिटेक्टरांसारखा तोही अर्धवाहकच, पण अणुभट्टीत न्यूट्रॉन खाऊन आलेला.

त्या यंत्राभोवती शिसं आहे आणि ते शिसं दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे. सार्डिनियाच्या किनाऱ्याजवळ एक रोमन जहाज बुडालं होतं, त्यात शिशाच्या हजाराच्या आसपास विटा होत्या, प्रत्येकी तेहतीस किलोंच्या. ताज्या शिशात शिसं-२१० हा किरणोत्सारी भाऊबंद असतो, त्याचं अर्धायुष्य बावीस वर्षं. दोन हजार वर्षं समुद्राखाली पडून राहिलेल्या शिशातला तो केव्हाच संपून गेला. २०१० मध्ये काल्यारीच्या पुरातत्त्व संग्रहालयानं यातल्या १२० विटा या प्रयोगाला दिल्या. विटांवर ओतणाऱ्यांची नावं उठवलेली होती. ती कापून जपून ठेवली आणि बाकीचं शिसं वितळवलं. भाची हे सांगत होती तेव्हा मला आधी चुटपुट लागली. बुडालेल्या जहाजाचा ठेवा वितळवायचा? पण मग वाटलं, त्या खाणीत राबलेल्या हातांचं काम दोन हजार वर्षांनी पुन्हा कामाला आलं, आणि नावं राहिली. मला ते पटलं. सगळ्यांना पटेलच असं नाही.

निघताना एका भिंतीवरून वाहणाऱ्या पाण्याला हात लावला. बर्फासारखं. याच डोंगराच्या पोटातलं पाणी खालची लाखो माणसं पितात. २००२ मध्ये इथल्या एका प्रयोगातलं रसायन थोडंसं बाहेर ओढ्यात गेलं आणि मोठा गदारोळ झाला, एका सभागृहातलं काम बराच काळ ठप्प होतं. लोकांचा राग योग्यच होता. डोंगर शास्त्रज्ञांचा आहे तसा पाणी पिणाऱ्यांचाही आहे.

बाहेर आल्यावर ऊन अंगावर घेत बसले आणि काका आठवले. ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तंत्रज्ञ होते आणि तरुणपणी कोलारच्या सोन्याच्या खाणीत कामाला जात. १९६५ मध्ये तिथे, दोन किलोमीटरहून खोल, आपल्या लोकांनी जपानी आणि इंग्रज सहकाऱ्यांबरोबर वातावरणातल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. जगात सर्वांत आधी प्रसिद्ध झालेल्या खुणा त्याच. काका सांगायचे, पिंजरा खाली जाताना कानात दडे बसायचे आणि तळाशी खडकाला हात लावला की भाजायचा. ती खाण बंद झाली. आपल्याकडे कथील-१२४ घेऊन असाच क्षय शोधायची तयारी टाटा संस्थेनं केली आहे. त्यासाठीची डोंगराखालची जागा तमिळनाडूत तेनीजवळ व्हायची होती, ती अजून उभी राहिलेली नाही. कोलारचं आठवलं की याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चौथा दिवस : हातात डिटेक्टर

आज खाली जायचं नव्हतं. जमिनीवरच्या प्रयोगशाळेत भाचीनं कपाटातून एक डबा काढला, मला हातमोजे दिले आणि चाचणीतून बाद झालेला, साध्या जर्मेनियमचा एक डिटेक्टर माझ्या हातावर ठेवला.

हळदीकुंकवाच्या मोठ्या करंड्याएवढा. सात-साडेसात सेंटीमीटर रुंद, तीन सेंटीमीटर उंच, आकाराच्या मानानं चांगलाच जड. रंग पावसाळी ढगासारखा करडा, कडेला उजेड पडला की पोलादासारखी झळाळी. अंगावरून बोट फिरवलं तर हातमोज्यातूनही गारवा लागतो. बाहेरून मिलिमीटरभर जाडीचा लिथियम मुरवलेला थर. उलटा केला की एका बाजूला कोरलेली गोल खाच आणि त्या खाचेच्या आत रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान चकती, बोरॉनची. एवढंच. हे दोन टोकांचं साधं डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग. विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला जो डायोड उलटा जोडून बघतात, तोच. फक्त याला हजारो व्होल्ट लावतात आणि त्याच्या स्फटिकात परका अणू लाख कोटींमागे एखादाच असतो. माणसानं घडवलेल्या वस्तूंत याच्याइतकं शुद्ध फार थोडं असेल.

यातली खरी युक्ती अशी, की क्षय होणारे अणू आणि तो क्षय टिपणारं यंत्र एकच आहे. जर्मेनियमचाच डिटेक्टर, जर्मेनियमचाच क्षय. मिलानच्या एत्तोरे फिओरिनी यांनी १९६७ मध्ये हे पहिल्यांदा करून दाखवलं. स्फटिकात ऊर्जा पडली की दर तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टमागे साधारण एक याप्रमाणे इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी झालेली जागा, म्हणजे पोकळी, यांच्या जोड्या सुटतात. २०३९ केव्ही म्हणजे सुमारे सहा लाख नव्वद हजार जोड्या. इतक्या मोठ्या संख्येमुळे मोजमाप विलक्षण रेखीव येतं. २०३९ केव्हीमध्ये अडीच केव्हीचा पसारा, हजारात एकाच्या आसपास. आमच्या कॉलेजातला सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर याच्या पन्नासपट पसरट शिखर दाखवतो.

दुपारी तिचा शिफ्ट होता आणि आज कॅलिब्रेशन. आठवड्यातून एकदा थोरियमचे सोर्स आर्गॉनमध्ये खाली सोडतात आणि सगळ्या डिटेक्टरांची परीक्षा घेतात. पडद्यावर आलेख भरू लागला. आधी नुसती धूळ, मग पाच-दहा मिनिटांत एकेक शिखर उभं राहिलं. ५८३ ला एक, आणि अगदी उजवीकडे एकटं, उंच, सुईसारखं, २६१४.५. थोरियमच्या साखळीतल्या थॅलियम-२०८ चं. हा आकडा मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिला आहे. तो असा जिवंत, माझ्या डोळ्यांसमोर वाढताना पाहिला आणि डोळे भरून आले.

भाचीनं एक-एक नोंद उघडून दाखवली. "हे बघ मावशी, ही गॅमाची. दोन जागी आपटलाय." विद्युतप्रवाहाच्या रेषेत दोन उंचवटे होते, एक मोठा आणि त्याला चिकटून एक लहान. मग दुसरी उघडली, एकच टोकदार उंचवटा. दोन इलेक्ट्रॉन निघाले तर ते स्फटिकात मिलिमीटरभरात थांबतात, म्हणून आपल्याला हवा तो क्षय असा, एकाच जागी दिसेल. ऊर्जा बरोबर हवी, उंचवटा एकच हवा, शेजारचे डिटेक्टर गप्प हवेत, आर्गॉन चमकलेला नको, पाणी चमकलेलं नको. या सगळ्या चाळण्यांतून जो उरेल तो.

मग मी विचारलं, "आणि खऱ्या मोजणीत २०३९ ला आत्तापर्यंत काय दिसलंय?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"आम्हाला दिसतच नाही ते." तिनं खऱ्या मोजणीचा आलेख उघडला. २०३९ च्या दोन्ही अंगांना पंचवीस-पंचवीस केव्ही जागा रिकामी होती. रिकामी म्हणजे झाकलेली. त्या पट्टीतल्या नोंदी संगणक बाजूला ठेवतो, कुणालाच दाखवत नाही. चाळण्या कशा लावायच्या, काय बाद करायचं, हे सगळं आधी ठरवायचं, लिहून गोठवायचं, आणि मगच एके दिवशी सगळ्यांनी मिळून झाकण उघडायचं.

यामागे एक जुनी जखम आहे. २००१ मध्ये याच डोंगराखालच्या हायडेलबर्ग-मॉस्को प्रयोगातल्या काही जणांनी जाहीर केलं, की हा क्षय सापडला. बाकीच्या सहकाऱ्यांनाच ते मान्य नव्हतं. वाद वर्षानुवर्षं चालला. २०१३ मध्ये 'गेर्डा'नं झाकण उघडलं तेव्हा तिथे काही नव्हतं. २०२० मध्ये त्यांनी शेवटचा निकाल दिला : अर्धायुष्य १.८ गुणिले १० चा २६ वा घात इतक्या वर्षांहून जास्त. विश्वाच्या वयाच्या कोटी अब्ज पटींहूनही जास्त. खालच्या टाकीत हव्या त्या अणूंची संख्या एकावर सत्तावीस शून्यं इतकी आहे, तरी हे अर्धायुष्य धरलं तर वर्षाला चारच्या वर क्षय होणार नाहीत.

मी तिच्या पाठमोऱ्या डोक्याकडे पाहत बसले. ही मुलगी सहावीत असताना वाढदिवसाच्या भेटीचा कागद आदल्या रात्री टोकाशी फाडून आत डोकावायची. आता तीन वर्षांचं काम झाकणाखाली ठेवून बसली आहे आणि तिला डोकवायचंही नाही. मी विचारलं, उघडल्यावर शून्यच निघालं तर? ती शांतपणे म्हणाली, "मग ते शून्य इतकं नीट लिहीन की पुढच्याला तिथून पुढे जाता येईल. हजार किलोचा प्रयोग ठरतोय ना."

संध्याकाळी सोर्स वर घेतले, आलेख पुसला, नवा रन सुरू झाला. पडद्यावर बराच वेळ काहीच हललं नाही.

पाचवा दिवस : कांपो इंपेरातोरे

भाचीला झोप हवी होती, म्हणून मी एकटीच फोंते चेरेतोहून रोपवेनं वर गेले. २१०० मीटरवर दार उघडलं आणि समोर पठार. आमच्या कासच्या पठाराचं मोठं, उघडंबोडकं भावंड म्हणावं असं. गवत नुकतं हिरवं झालेलं, मधूनमधून बर्फाचे उरलेले डाग, लांबवर सुटे घोडे. डावीकडे कोर्नो ग्रांदे, २९१२ मीटर, चुनखडीचा पांढरा सुळका. १९४३ मध्ये मुसोलिनीला इथल्या हॉटेलात कोंडलं होतं, ते हॉटेल अजून आहे. मला तिकडे जावंसं वाटलं नाही.

एका दगडावर बसले. परवा उभी होते ती जागा याच डोंगररांगेच्या पोटात कुठेतरी होती. तळहात उन्हात पसरला. या उंचीवर तर साताऱ्यापेक्षाही जास्त म्युऑन हातातून जात असणार, आणि खाली त्या टाकीपर्यंत त्यातला जवळजवळ एकही पोचत नसणार. शेजारच्या गवतात छोटी जांभळी फुलं होती. एक मेंढपाळ कुत्र्याला हाका मारत गेला. तासभर तिथून हलावंसं वाटलं नाही.

दुपारी लाक्विलाहून रोमची बस धरली. स्टॉपवर भाची पाया पडली, मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि उगाचच दोघी हसलो. बस पहिल्या बोगद्यातून बाहेर आली तेव्हा तिचा निरोप आला. "मावशी, रात्रभराचा रन नीट गेला. सगळे डिटेक्टर शांत."

मी लिहिलं, "जेवलीस का?"

"उरलेली आमटी आहे ना."